दोन ॲम्प्लिफायर, एक सुपरवायझर

महेंद्र रामटेके भरवेलीच्या खाणीतून इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण सुपरवायझरकी त्यांच्या अंगातून काही गेली नाही. खाणीत त्यांच्या हाताखाली चौदा माणसं होती. बालाघाटच्या घरात एक बायको, एक पाण्याची मोटर आणि अकरा दिवे, एवढाच स्टाफ उरला. त्यातली मोटर त्यांचं ऐकायची नाही आणि बायको तर बी.एस्सी. होती.

एकोणिसाव्या वर्षी ते हेल्पर म्हणून लागले. खांबावर चढायला घाबरत नसत आणि साहेबाला उलट बोलत नसत, या दोन गुणांवर पंचवीस वर्षांत सुपरवायझर झाले. काम ते वाईट करत नसत, खोटं कशाला बोला. पण तिथे भिंतभर पॅनेल होतं, पॅनेलवर मीटर होते, मीटरखाली लाल-हिरवे दिवे होते आणि या सगळ्याच्या वर एक इंजिनीअर बसवलेला होता. घरी यातलं काहीच नाही, हे महेंद्रबाबूंच्या ध्यानात कधी आलं नाही.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे दोनच निदानं असत: लोड जास्त किंवा व्होल्टेज कमी. बायकोचे गुडघे दुखले, लोड जास्त. पोरगा पवन गणितात नापास झाला, व्होल्टेज कमी. एकदा त्यांनी चांगला चालणारा मिक्सर ‘सर्व्हिसिंग’ म्हणून उघडला. त्यानंतर मिक्सर फिरायचा झकास, पण हात लावला की झटका द्यायचा. यावर महेंद्रबाबूंनी उपाय काढला तो असा: “चटणी वाटतानी चप्पल घालत जाय.”

ललिताबाईंनी चप्पल घातली नाही, नवा मिक्सर आणला. असल्या गोष्टींवर भांडण्यात त्यांनी संसाराची पहिली दहा वर्षं घालवली होती. नंतर त्यांना समजलं की भांडण्यापेक्षा वस्तू बदलणं सोपं. नवरा मात्र बदलता येत नव्हता.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी शाळांतून विज्ञान शिकवलं. त्यातली सहा वर्षं राजेगावला, महाराष्ट्राच्या अगदी शिवेवर. तिथे पहाटे बाया जात्यावर दळायच्या आणि ओव्या म्हणायच्या. जुन्या ओव्या तर होत्याच, पण रुख्माबाई आणि अंजनाबाई नावाच्या दोन जावा स्वतः जोडलेल्या ओव्या म्हणायच्या: लेकीच्या शाळेवर, बाबासाहेबांवर, दारू पिऊन येणाऱ्या दिरावर, ग्रामसेवकावर. नावं घेऊन म्हणायच्या. ललिताबाईंनी ओळखीच्या कुणाकडून दोन माइकांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, एक माइक एकीपुढे, दुसरा दुसरीपुढे ठेवला आणि अडतीस कॅसेटी भरल्या. ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची.

त्या कॅसेटी ऐकायला त्यांनी स्वतःच्या पगारातून एक म्युझिक सिस्टीम घेतली होती. एकाच डब्यात टेप आणि ॲम्प्लिफायर, आणि दोन्हीकडे कमरेएवढे उंच दोन स्पीकर. आता निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी चहा झाला की वही घेऊन त्या दोन स्पीकरांच्या मधोमध बसायच्या आणि ओव्या उतरवून घ्यायच्या. डावीकडून आली ती रुख्माबाई, उजवीकडून आली ती अंजनाबाई. दोघी जावा, एका गावच्या लेकी, आवाज असा सारखा की एरवी त्यांच्या सख्ख्या लेकींनाही ओळखू येणार नाही. एकाच स्पीकरमधून वाजवलं तर दोघींची मिळून एक बाई व्हायची. ललिताबाईंना तेच नको होतं. त्या दोघींच्या नावावर ना शेत होतं, ना घर, रेशनकार्डावरही नाव नवऱ्याच्या मागून. निदान ओवी तरी जिची तिच्या नावावर असावी, एवढाच त्यांचा हट्ट होता.

अंजनाबाई वारल्याला बारा वर्षं झाली. रुख्माबाई शहाऐंशीच्या. त्या सध्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भरवेलीला नातीकडे, दीपिकाकडे येऊन राहिल्या होत्या, आणि सोमवारी त्यांचा मुलगा त्यांना कायमचं भिलाईला नेणार होता. शेवटच्या चार कॅसेटी त्यांच्यासोबत बसून ऐकायच्या, कुठली ओवी कुणी जोडली ते त्यांच्याच तोंडून विचारून घ्यायचं, असं ललिताबाईंनी ठरवलं होतं. रविवारी सकाळी. त्यानंतर विचारायला कुणी उरणार नव्हतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात होम थिएटर आलं.

ते पवनने रायपूरहून पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, त्याच्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनी तक्रार केली, बायको म्हणाली एक तर हे राहील नाही तर मी, तेव्हा पोराला आईबाप आठवले. खोक्यात पाच छोटे स्पीकर, एक धडधडणारा मोठा डबा आणि सगळ्यांना चालवणारा एक काळा रिसीव्हर. महेंद्रबाबूंनी खोकं उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा पोरगा जन्मला तेव्हाही फुलला नसेल एवढा फुलला. तेव्हा तर ते ड्यूटीवर होते.

“ललिता, पाय! हेलिकॉप्टर डोक्यावरून जाते म्हने!”

“आपल्या घरात हेलिकॉप्टर काहून पाह्यजे?”

महेंद्रबाबूंनी मागच्या भिंतीवर दोन खिळे ठोकले, दोन स्पीकर टांगले, एक टीव्हीखाली ठेवला. मग पुढचे दोन हातात घेऊन त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

“हे का टिफिनचे डब्बे हायेत का? याच्यात का दम राह्यते!” आणि त्यांची नजर ललिताबाईंच्या उंच स्पीकरांवर गेली.

ललिताबाईंना ती नजर ठाऊक होती. मिक्सरकडे ते तसंच पाहत होते.

“माह्या सिस्टीमले हात लावाचा नाही.”

“अव हात कोन लावते? तुह्यं तसंच्या तसं राहीन. फक्त समोरचे दोन तुह्ये घेतो. इकून तुह्या ॲम्प्लिफायर, इकून हा नवा, दोघायच्या वायरी एकाच स्पीकरले. गाने तुह्ये, पिच्चर माह्यं.”

“एका स्पीकरवर दोन ॲम्प्लिफायर? एकाची शक्ती दुसऱ्याच्या पोटात जाईन. जळतीन दोन्ही.”

“आता तू मले सिखवशीन?” महेंद्रबाबू हसले. सुपरवायझर हेल्परला हसतो तसं. “खानीत दोन-दोन जनरेटर एका बसबारच्या पट्टीवर चालवले म्या. इकून दोनशे केव्हीए, तिकून दोनशे. लोड वाटून घेतेत बरोबर.”

“जनरेटर दोन्ही एकच सूर धरतेत म्हणून. इथं एकीकडून ओवी अन् दुसरीकडून हेलिकॉप्टर आलं तं कोण कोणाले वाटून घेईन? रिसीव्हरच्या पुस्तकात लिहिलं हाये, तेविसाव्या पानावर, चौकट करून. ते वाचा.”

“किताब त्यायनं वाचाव, ज्यायले काही येत नाही.”

“म्हणूनच तुम्हाले सांगून राह्यली.”

महेंद्रबाबूंना टोमणा उशिरा कळायचा. कधी कधी दुसऱ्या दिवशी कळायचा आणि मग ते जेवताना एकदम रागवायचे. त्या दिवशी तर त्यांना घाई होती. रविवारी भारताची मॅच होती आणि खाणीतल्या दोन जुन्या सोबत्यांना, प्रेमलाल आणि प्रीतमला, त्यांनी ‘ग्राउंडात बसल्यासारखी’ मॅच दाखवायचं कबूल करून टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी ललिताबाई रुख्माबाईंना रविवारचं निमंत्रण द्यायला भरवेलीला गेल्या. जाताना सिस्टीमची वायर काढून नेली असती तर बरं झालं असतं, पण नवरा आहे, चोर नाही, असं त्यांना वाटलं. तीच चूक झाली. चोराने निदान सिस्टीम धड नेली असती.

चार वाजता परतल्या तर अंगणातच वास आला, करपलेल्या प्लॅस्टिकचा. आत ट्रायलसाठी जमलेली तीन निवृत्त माणसं सोफ्यावर रांगेत बसली होती. खाणीतली सगळी मिळून शंभरेक वर्षांची नोकरी त्या सोफ्यावर होती. तिघंही पंख्याकडे पाहत होते.

“काय झालं?”

“काही नाई झालं,” महेंद्रबाबू म्हणाले. “थोडंसं अर्थिंग मारलं.”

“वहिनी, आवाज मात्र लई जबरदस्त आलता,” प्रेमलाल म्हणाले. “एक सेकंद.”

“हौ, एकच सेकंद आलता,” प्रीतमनी दुजोरा दिला. “पन काय आलता!”

नव्या रिसीव्हरच्या काचेवर इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती. त्याने धोका ओळखून स्वतःला बंद करून घेतलं होतं. महेंद्रबाबूंनी तिकडे अभिमानाने बोट दाखवलं. “पाय, त्यानं आपलं प्रोटेक्शन आपन केलं. याले म्हनतेत माल.”

“अन् माह्या?”

“तुह्या जुना होता, ललिता. कवा ना कवा जानारच होता.”

ललिताबाईंनी सिस्टीमचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. मागच्या जाळीतून अजून धुराची एक बारीक रेघ निघत होती. आत चौतीस नंबरची कॅसेट अडकलेली होती. त्यांनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली, टेपचं झाकण उघडलं आणि कॅसेट हळूच ओढून काढली. फीत शाबूत होती. मग वळून त्या सोफ्याला म्हणाल्या, “चहा नाही भेटणार. उठा.”

तिघं उठले. त्यातले दोन घरी गेले. तिसऱ्याला जायला घर दुसरं नव्हतं, तो मोटर पाहायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललिताबाईंनी ऑटो बोलावला आणि सिस्टीम मांडीवर घेऊन चैतरामच्या दुकानात गेल्या. चैतराम रेडिओच्या काळापासूनचा मेकॅनिक. आता लोक त्याच्याकडे मोबाइलचे चार्जर आणतात, म्हणून जुना डबा पाहताच त्याच्या डोळ्यांत चमक आली. झाकण उघडून त्याने वास घेतला.

“मॅडम, ये किसने जोड़ा?”

“खान के इलेक्ट्रिकल सुपरवाइजर ने.”

“तभी,” चैतराम म्हणाला आणि त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. समजूतदार माणूस.

आवाज मोठा करणारा आयसी जळाला होता. तसा आता नागपुरातच कुठे मिळाला तर मिळेल, आणि आला तरी महिना लागेल. ललिताबाई तिथल्या स्टुलावर बसल्या. महिना! रुख्माबाई सोमवारी जाणार. चैतराम चहा मागवतो म्हणाला, त्यांनी नको म्हटलं. मुलांना चौतीस वर्षं जे विचारायला शिकवलं तेच त्यांनी स्वतःला विचारलं: नेमकं काय बिघडलं, आणि काय नाही बिघडलं?

“चैतराम, टेप का हिस्सा जिंदा है क्या?”

त्याने मोटर फिरवून पाहिली, हेड पुसलं. “टेप तो एकदम बढ़िया है मॅडम. मरा है सिर्फ चिल्लानेवाला. जो बोलता है वो जिंदा है.”

“तो मरे हुए को निकाल दो. फ्यूज नया डालो. पीछे ये लाइन आउट के दो छेद हैं न? यहाँ से आवाज नए रिसीवर में दे दूँ तो?”

चैतरामने डबा उलटा करून ते दोन छेद पाहिले, मग ललिताबाईंकडे पाहिलं. “दे दीजिए. चिल्लाने का काम वो कर लेगा. मॅडम, आप खान में क्यों नहीं लगीं?”

“मुझे पढ़ना आता था,” ललिताबाई म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी रिसीव्हरचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पेन्सिलने खुणा करत. पुढच्या दोन स्पीकरांच्या सगळ्या वायरी सोडवल्या आणि फक्त रिसीव्हरला जोडल्या. एका स्पीकरला एकच धनी. टेपच्या लाइन आउटमधून लाल-पांढरी जोडवायर रिसीव्हरच्या सीडीच्या जागी खोचली. मग ‘स्टिरिओ’चं बटण दाबलं. भिंतीवरचे दोघे गप्प झाले, टीव्हीखालचाही गप्प झाला, आणि डावीकडून रुख्माबाई आणि उजवीकडून अंजनाबाई, जशा जात्यावर बसायच्या तशा बसल्या. जळलेल्या सिस्टीमपेक्षाही आवाज स्वच्छ होता, हे ललिताबाईंना मान्य करावं लागलं. त्यांनी ते मनातल्या मनात मान्य केलं. मोठ्याने करण्यात धोका होता.

महेंद्रबाबू दारात उभे राहून सगळं पाहत होते. “म्हंजे शेवटी दोन्ही जोडलंच ना? म्या तेच तं सांगतलं होतं.”

ललिताबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि पुस्तक मिटलं. काही वाक्यांना उत्तर दिलं की ती वाक्यं शहाणी वाटू लागतात.

रविवारी दहा वाजता दीपिका मोटरसायकलवरून आजीला सोडून गेली. रुख्माबाई डोळ्यांवर काळा चश्मा, डोक्यावर पदर, हातात पिशवी अशा आल्या, बुद्धाच्या फोटोपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, “जय भीम, मास्तरीन. कोठी बसू?”

ललिताबाईंनी त्यांना दोन्ही स्पीकरांच्या मधोमध खुर्ची दिली. टेप सुरू झाली. आधी जात्याची घरघर, मग उजवीकडून ओवी आली:

“पीठ पडते पांढरं, पाटी लेकीची काळी वं,
तिच्या एका रेघेनं उजेडली माही आळी वं…”

रुख्माबाईंनी मान उजवीकडे वळवली, कुणी हाक मारल्यासारखी. “अंजनी,” त्या म्हणाल्या. आणि पदर सावरून, “पन हे जोडली म्या होती. तिले आवडे म्हून ते म्हने.”

ललिताबाईंचा हात थांबला. चौतीस कॅसेटी त्यांनी जी म्हणते तिचीच ओवी धरली होती. “म्हणजे म्हणणारी एक अन् जोडणारी एक?”

“हौ मंग! माह्या देरावरच्या साऱ्या ओव्या अंजनीच्या. तिचाच नवरा तो, तिले कसं म्हनता येईन? तिनं जोडाव अन् म्या बोंबलाव.” रुख्माबाई पदरात तोंड घालून हसल्या. “गावाले वाटे, रुख्मीच चावट हाय.”

ललिताबाईंनी वहीत पानभर उभी रेघ मारली. एका बाजूला म्हणणारीचं नाव, दुसऱ्या बाजूला जोडणारीचं. आधीच्या चौतीस कॅसेटींतल्याही ज्या ओव्यांवर शंका होती त्या आता वाचून विचारायला हव्या होत्या, आणि दिवस एकच होता. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि नंतर पाहायचं सोडून दिलं.

साडेअकराला महेंद्रबाबूंना राहवलं नाही. एवढं मोठं होम थिएटर आणि त्यातून दोन बाया दळून राहिल्या, हे त्यांना पाहवत नव्हतं. त्यांनी मागून रिमोट रोखला आणि ‘स्टेडियम’ दाबलं. म्हातारीला जरा मजा येईल, असं त्यांना खरंच वाटलं. जातं पुढून, मागून, छतातून घरघरू लागलं, मोठा डबा धडधडायला लागला, आणि अंजनाबाईंचा आवाज चारही भिंतींवर आपटून तिप्पट होऊन परत आला.

रुख्माबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “अव मास्तरीन! अंजनी इहिरीत पडली का वं?”

“नाही पडली. हे पाडून राह्यले.” ललिताबाईंनी नवऱ्याच्या हातातून रिमोट घेतला, बटण दाबलं, दोघी जावा परत जात्यावर आल्या. मग रिमोट स्वतःच्या मांडीवर वहीखाली ठेवला.

“मावशीले सराउंड दाखवत होतो,” महेंद्रबाबू म्हणाले.

“जातं काय डोक्यावरून दळतेत, जावई?” रुख्माबाईंनी विचारलं.

दीड वाजता तिघांनी वरण-भात खाल्ला. पस्तिसावी संपली. छत्तिसावी लागली तेव्हा फाटक वाजलं. प्रेमलाल आणि प्रीतम आले होते, धुतलेले शर्ट घालून, सोबत शेंगदाण्याचा पुडा. ग्राउंडात बसायला.

महेंद्रबाबू आत आले, खाकरले. “ललिता, टॉस झाला.”

“बरं.”

“ते लोक आले ना.”

“त्यायले अंगणात खुर्च्या द्या. प्रीतमभाऊकडे मोबाइल हाये.”

“मोबाइलवर? लोकायले घरी बोलवून? आता दोन तास लावतो, मावशीले संध्याकाळी—”

“संध्याकाळी दीपिका न्यायले येते. सकाळी भिलाई. दोन कॅसेटी बाकी हायेत, अन् मागचं सारं विचाराचं हाये.” ललिताबाईंनी वहीवरून मान वर केली नाही. “तुमची मॅच परत दाखवतीन टीव्हीवर. दहादा दाखवतीन. मावशी परत भेटणार नाही.”

दारातून प्रेमलाल म्हणाले, “ऱ्हाऊ द्या रामटेकेसाहेब, चालते आपल्याले.” त्यांना गुरुवारचा न मिळालेला चहा आठवत असावा.

पण सोबत्यांसमोर असं बाहेर निघणं महेंद्रबाबूंना जड गेलं. त्यांनी छाती थोडी पुढे काढली आणि ललिताबाईंना सोडून रुख्माबाईंकडे वळले. बाई म्हातारी आहे, भोळी आहे, तिला समजावलं की झालं.

“मावशी, तुमाले ठाऊक नसन. हे जे वाजून राह्यलं ना, हे माह्यं होम थिएटर हाय. माह्या पोरानं धाडलं.”

रुख्माबाईंनी काळा चश्मा जरा वर केला आणि आवाज आला तिकडे पाहिलं.

“थेटर तुह्यं असन, बापा,” त्या म्हणाल्या, “आवाज तं आमचा हाय. बाह्यर जाय, अन् जातानी दार लाव.”

महेंद्रबाबूंनी दार लावलं. अंगणात प्रीतमच्या एवढ्याशा मोबाइलवर तिघांनी डोकी एकत्र आणली. ललिताबाईंनी कॅसेट मागे घेतली, बटण दाबलं, आणि डावीकडून ओवी आली तसं विचारलं, “हे कोणं जोडली?”

“थांब,” रुख्माबाई म्हणाल्या. “पुरी आयकू दे.”